मोठा सेकंद काटा बंदच का? स्टीलचं क्रोनोग्राफ घड्याळ पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

घड्याळ डब्यातून निघतं, मनगटावर चढतं आणि पाचच मिनिटांत दुकानात फोन जातो : मोठा सेकंद काटा हलत नाही, पीस खराब दिसतोय. घड्याळाच्या दुकानांना ही तक्रार पाठ झालेली असते. काटा हलत नाही, कारण तुम्ही बटण दाबेपर्यंत तो हलायचाच नसतो. क्रोनोग्राफमधला मधोमध बसवलेला लांब सेकंद काटा चालू वेळेचा नसतो, तो स्टॉपवॉचचा असतो. चालू वेळेचे सेकंद एखाद्या छोट्या तबकडीत गुपचूप मोजले जात असतात.

क्रोनोग्राफच्या बाबतीत नवख्यांना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याच अशाच असतात. बिघाड नसतोच, ओळख झालेली नसते. ती ओळख इथे क्रमाने करून घेऊ. समोर धरलं आहे ते बाजारात सर्वाधिक दिसणारं घड्याळ : पुरुषांचं, ४० ते ४४ मिलिमीटरचं, स्टीलच्या चेनचं, तीन छोट्या तबकड्या आणि दोन बटणं असलेलं, सेलवर चालणारं. चावी द्यायच्या किंवा ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरून घेणाऱ्या) क्रोनोग्राफमध्ये जिथे गोष्ट बदलते, तिथे ते वेगळं सांगितलं आहे.

तबकडी वाचणं

उजव्या बाजूला मध्ये चावी, म्हणजे क्राउन. तिच्या वरचं बटण चालू-बंद करण्याचं, खालचं शून्यावर आणण्याचं. ही दोन बटणांची मांडणी १९३४ साली ब्राइटलिंगने रूढ केली, त्याआधी बहुतेक घड्याळांत एकाच बटणाने सगळं करावं लागे. आजही जवळपास सगळे तीच मांडणी वापरतात, त्यामुळे एका क्रोनोग्राफवर हात बसला की दुसऱ्यावर अडत नाही.

छोट्या तबकड्यांचं मात्र तसं नाही. त्यांची जागा आणि काम यंत्रागणिक बदलतं. म्हणून जागा पाठ करू नका, आकडे वाचा. ज्या तबकडीवर ६० पर्यंत आकडे आहेत आणि काटा सतत फिरतो आहे, ती चालू सेकंदांची. ६० किंवा ३० पर्यंत आकडे आहेत पण काटा शून्यावर उभा आहे, ती स्टॉपवॉचच्या मिनिटांची. १२ पर्यंत आकडे असून काटा उभा असेल, तर ती बहुधा स्टॉपवॉचच्या तासांची.

फसगत होते ती २४ आकड्यांच्या तबकडीत. ती स्टॉपवॉचची नाही. तिचा काटा मुख्य तास काट्याला जोडलेला असतो आणि दिवस आहे की रात्र एवढंच सांगतो. तारीख लावताना हाच काटा फार उपयोगी पडतो, ते पुढे येईल.

आणि एक शब्द नीट ठेवा. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेची चाचणी पास झालेलं घड्याळ. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेची यांत्रिक घड्याळांसाठीची मर्यादा दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद अशी आहे. घड्याळ एकाच वेळी दोन्ही असू शकतं. विक्रेता दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरत असेल, तर त्याच्या बाकीच्या सांगण्यावरही जरा सबुरीने विश्वास ठेवा.

आत यंत्र कोणतं

साधं क्वार्ट्झ : आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यावरून वेळ मोजली जाते आणि काट्यांना छोट्या मोटर फिरवतात. महिन्याला साधारण १५ ते २० सेकंद पुढे-मागे, देखभाल जवळपास सेलपुरतीच. स्टॉपवॉच चालू केलं की अशा बहुतेक घड्याळांत मोठा काटा सेकंदाला एक टिचकी मारत जातो, आणि शून्यावर परतताना पुरा फेरा घालून येतो.

मेकाक्वार्ट्झ : वेळ सेलवर, पण स्टॉपवॉचचा भाग यांत्रिक. सेको या जपानी कंपनीची व्हीके ६३ आणि व्हीके ६४ ही यंत्रं या जातीची, आणि अनेक छोट्या ब्रँडच्या घड्याळांत तीच असतात. मोठा काटा सेकंदाला पाच पावलं टाकतो, म्हणून सरकत गेल्यासारखा दिसतो. खालचं बटण दाबलं की काटा फटकन शून्यावर. पहिल्या खरेदीसाठी आमचा कल इकडे आहे. बटण दाबल्याचा खरा आनंद यात मिळतो आणि खर्च यांत्रिक घड्याळापेक्षा बराच कमी राहतो.

पूर्ण यांत्रिक : १९७० च्या दशकात आलेलं व्हॅल्जू ७७५० हे यंत्र यातलं सर्वांत पसरलेलं. ते तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला आठ. झेनिथ कंपनीच्या १९६९ मधल्या एल प्रिमेरो यंत्राचे ठोके ३६,००० असल्याने त्यावर सेकंदाचा दहावा भाग वाचता येतो. ही घड्याळं देखणी, जड आणि खर्चिक. चार-सहा वर्षांनी पूर्ण सर्व्हिसिंग लागतं, आणि क्रोनोग्राफचं सर्व्हिसिंग साध्या ऑटोमॅटिकपेक्षा बरंच महाग पडतं, कारण भाग जास्त आणि ते उघडणारे हात कमी. पहिलंच घड्याळ असेल तर इथून सुरुवात करू नका.

दुकानात काय तपासायचं

सर्वांत आधी, समोरचं घड्याळ खरंच क्रोनोग्राफ आहे का ते पाहा. वार, तारीख आणि २४ तास दाखवणाऱ्या तीन तबकड्या आणि दोन बटणं असलेली पुष्कळ घड्याळं क्रोनोग्राफसारखी दिसतात. ती असतात मल्टिफंक्शन. बटणं वार-तारीख बदलण्यापुरती. ओळखायची खूण सोपी : मधला मोठा सेकंद काटा कोणी बटण न दाबता आपोआप फिरत असेल, तर बहुतेक वेळा ते क्रोनोग्राफ नाही. 'फर्स्ट कॉपी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात तर बऱ्याचदा छोटे काटे नुसते चिकटवलेले आणि बटणं शोभेची असतात.

मग ही चाचणी घ्या. दोन-तीन मिनिटं लागतात, आणि चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.

१. चावीजवळ प्लॅस्टिकची चकती असेल तर ती काढायला सांगा. सेल वाचावा म्हणून चावी बाहेर ठेवून ती अडकवलेली असते. चावी आत दाबली की घड्याळ चालू होतं.

२. खालचं बटण दाबा. मोठा काटा बरोबर १२ वरच्या रेघेवर आला पाहिजे. काच आणि डोळा समोरासमोर धरून पाहा. तिरकं पाहिलं तर बरोबर काटाही चुकल्यासारखा दिसतो.

३. वरचं बटण दाबा आणि पूर्ण एक मिनिट जाऊ द्या. मिनिटांचा छोटा काटा एका घराने पुढे सरकला पाहिजे. काही यंत्रांत तो एकदम उडी मारतो, काहींत हळूहळू सरकतो, दोन्ही ठीक.

४. वरचं बटण पुन्हा दाबून थांबवा, खालचं दाबून शून्यावर आणा. हे तीनदा करा. तिन्ही वेळा काटा एकाच जागी आला पाहिजे. दर वेळी वेगळीकडे थांबत असेल तर तो पीस घेऊ नका.

५. बटण दाबून सोडल्यावर लगेच वर येतं का पाहा. अडकणारं किंवा भुसभुशीत लागणारं बटण पुढे त्रास देतं.

एखादं बटण दाबलंच जात नसेल तर जोर लावण्याआधी त्याच्या बुडाशी आट्यांचं कडं आहे का पाहा. काही घड्याळांत बटणंही स्क्रूने बंद होतात. कडं सैल केल्याशिवाय ती दाबली जात नाहीत आणि नवखा त्यांना 'जाम' समजतो.

आयात केलेलं घड्याळ भारतात अधिकृतपणे आलं असेल तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असते. तो कागद नसेल तर स्वस्त मिळालेल्या घड्याळाची वॉरंटी इथे चालेलच असं धरू नका. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या.

काचेबद्दल एवढंच : रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा १ ते १० अशा मोह्स मापावर ७ असतो. मिनरल काच त्याहून मऊ, म्हणून तिला ओरखडे पडतात. सॅफायर काच ९ वर आहे, धुळीने ओरखडत नाही, पण फरशीवर आपटली तर फुटू शकते. आणि स्टील खरं आहे का हे चुंबक लावून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. चेनच्या आतल्या स्प्रिंग चुंबकाला चिकटतात, त्यामुळे निष्कर्ष चुकतो, आणि घड्याळाजवळ चुंबक नेणं हाच मुळात वेडेपणा.

माप

जाहिरातीत केसचा, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाचा, व्यास देतात, पण मनगटावर कसं बसेल हे ठरतं लगच्या टोकापासून समोरच्या लगच्या टोकापर्यंतच्या लांबीवर. लग म्हणजे चेन जिथे अडकते ती शिंगं. मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी पट्टीने मोजा. घड्याळाची लगपासून लगपर्यंतची लांबी त्याहून कमी हवी. टोकं मनगटाबाहेर लोंबत असतील तर घड्याळ कितीही महाग असो, उसनं आणल्यासारखं दिसतं. घेर १६ ते १७ सेंटिमीटर असेल तर ३८ ते ४१ मिलिमीटरपर्यंतची केस बहुधा ठीक बसते. क्रोनोग्राफ जाड असतो, तेव्हा जाडीही विचारा. १३ मिलिमीटरच्या पुढे शर्टाची कफ अडते.

चेनच्या कड्या काढणं

शक्य असेल तर हे दुकानातच करून घ्या, फुकट होतं. घरी करायचं झालं तर पिन पुशर (पिन ढकलून काढायचं अवजार), बारीक नाकाचा चिमटा आणि खाली अंथरायला पांढरं फडकं लागतं. फडकं पांढरंच घ्या, पडलेली पिन त्यावर दिसते.

कड्यांच्या आतल्या बाजूला बाण कोरलेले असतात. बाणाच्या दिशेने पिन बाहेर ढकलायची. परत बसवताना उलट बाजूने. जे टोक आधी बाहेर आलं, ते आत जाताना शेवटी जातं. पिनच्या एका टोकाला चीर असेल तर हा नियम विशेष पाळा. चीर असलेला भागच पकड धरतो, तो उलटा घुसवला की भोक सैल होतं आणि एक दिवस चालत्या लोकलमध्ये चेन सुटते.

जपानी घड्याळांच्या काही चेनमध्ये पिनवर एक अगदी बारीक नळी, कॉलर, असते. पिन काढताना ती निसटून पडते. ती न बसवता पिन घातली तर पिन सहज आत जाते आणि तितक्याच सहज बाहेर येते. म्हणून पहिली पिन काढल्यावर लगेच थांबा, नळी पडली का पाहा. पिन फार सहज आत गेली, बोटाने ढकलली तरी गेली, तर काहीतरी राहिलं आहे असं समजा. शेवटचं एक-दोन मिलिमीटर हलक्या हातोडीच्या टिचकीने जायला हवं.

कड्या दोन्ही बाजूंनी काढा, शक्यतो सारख्या. विषम संख्या काढायची असेल तर एक जास्तीची सहाच्या बाजूची काढा, म्हणजे क्लॅस्प (चेन बंद करायचा खटका) मनगटाच्या खाली मध्यावर येतो. माप असं ठेवा की क्लॅस्प लावल्यावर करंगळी आत जेमतेम जाईल. क्लॅस्पच्या कडेला छोटी भोकं असतील तर आतली स्प्रिंग एक-दोन भोकं सरकवून बारीक फरक करता येतो. उन्हाळ्यात मनगट सुजतं, तेव्हा थोडी जागा राखून ठेवा. काढलेल्या कड्या आणि पिना डबीत जपा. पुढे त्या वेगळ्या मिळवणं अवघड असतं, आणि घड्याळ विकायला काढलंत तर पहिला प्रश्न त्यांचाच येतो.

वेळ आणि तारीख

स्टॉपवॉच बंद आणि शून्यावर आहे याची खात्री करा. चावी आट्यांची असेल तर आधी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवून सैल करा. पहिला टप्पा बाहेर ओढल्यावर तारीख बदलते, दुसऱ्या टप्प्यावर काटे.

रात्री ९ ते पहाटे ३ दरम्यान काटे असताना पहिल्या टप्प्यावरून तारीख बदलू नका. त्या वेळी तारीख फिरवणारं चाक आधीच तारखेच्या कड्याला भिडलेलं असतं. जोराने फिरवलं की त्याचा दात वाकतो किंवा तुटतो. मग तारीख अर्धवट दिसते, किंवा दुपारी बारा वाजता बदलते.

सुरक्षित क्रम असा. आधी चावी दुसऱ्या टप्प्यावर ओढून काटे सहा वाजण्याच्या आसपास आणा, म्हणजे धोक्याच्या वेळेतून ते बाहेर येतात. मग पहिल्या टप्प्यावर कालची तारीख लावा. पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर जाऊन काटे पुढे फिरवत राहा, तारीख आजची झाली की ते मध्यरात्रीचे बारा. तिथून सकाळ असेल तर सरळ आत्ताच्या वेळेपर्यंत, दुपार असेल तर आणखी एकदा बारा ओलांडून. २४ तासांची तबकडी असेल तर तिच्याकडे पाहिलं की गोंधळच उरत नाही. सेकंदही जुळवायचे असतील तर छोटा सेकंद काटा ६० वर असताना चावी ओढा आणि मोबाइलवर मिनिट बदलताना आत दाबा. ३० दिवसांच्या महिन्यानंतर आणि फेब्रुवारीनंतर तारीख हाताने पुढे न्यावी लागते, तोही बिघाड नाही.

बटणं कशी वापरायची

वरचं : चालू. वरचं : बंद. खालचं : शून्य. एवढा एकच क्रम हाताला लावून घ्या. बंद केल्यावर पुन्हा वरचं दाबलं तर मोजणी जिथे थांबली तिथून पुढे चालते.

चालू असताना खालचं दाबलं तर काय होतं? बऱ्याच क्वार्ट्झमध्ये काटा थांबून मधली वेळ दाखवतो, आत मोजणी चालूच राहते, पुन्हा दाबलं की काटा धावत जाऊन खरी वेळ गाठतो. घड्याळ बंद पडलं असं नवख्याला वाटतं ते इथे. यांत्रिक घड्याळात मात्र चालू असताना खालचं बटण दाबूच नका. ते बहुधा आतून अडवलेलं असतं आणि जोर लावला तर तरफा वाकतात. याला अपवाद फ्लायबॅक जातीचा (चालू असतानाच एका दाबात शून्यावर येऊन पुन्हा मोजू लागणाऱ्या घड्याळांचा), आणि तसं असेल तर ते मॅन्युअलमध्ये ठळक लिहिलेलं असतं.

सेकंद काटा सतत फिरताना छान दिसतो म्हणून स्टॉपवॉच दिवसभर चालू ठेवणारे बरेच असतात. क्वार्ट्झमध्ये याने सेल लवकर संपतो. कंपनी सेलचं जे आयुष्य सांगते, ते स्टॉपवॉच रोज थोडाच वेळ वापरलं जाईल असं धरून. यांत्रिकमध्ये जास्तीचे भाग विनाकारण झिजतात. काही क्वार्ट्झ यंत्रं मोजणीची कमाल मर्यादा गाठली की स्वतःच थांबतात, तेव्हा तासाभराने काटा आपोआप उभा राहिला तर घाबरू नका.

काटा शून्यावर येत नसेल तर

सेल बदलल्यावर, घड्याळ पडल्यावर किंवा चुंबकाजवळ राहिल्यावर मोठा काटा १२ ऐवजी ५८ सेकंदांवर किंवा २ सेकंदांवर थांबू लागतो. घड्याळाच्या मेंदूच्या लेखी तो शून्यावरच आहे, फक्त शून्य कुठे आहे हे त्याला आता चुकीचं ठाऊक आहे. साध्या क्वार्ट्झमध्ये हे घरी दुरुस्त होतं.

१. स्टॉपवॉच थांबवा, खालचं बटण दाबून काटा जिथे येईल तिथे येऊ द्या.

२. चावी शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढा.

३. वरचं बटण एकदा दाबा. मोठा काटा एक पाऊल पुढे सरकेल. दाबून धरलं तर सलग धावेल. १२ जवळ आला की सोडा आणि एकेक टिचकीने रेघेवर आणा.

४. मिनिटांचा छोटा काटाही चुकला असेल तर काही यंत्रांत तो खालच्या बटणाने हलतो. काहींत वरचं बटण काटा निवडतं आणि खालचं हलवतं. इथे मॅन्युअल पाहावंच लागतं.

५. चावी आत दाबा, स्टॉपवॉच चालू-बंद करून शून्य तपासा. चावी बाहेर असताना वेळ थांबलेली असते, ती पुन्हा लावा.

काटा फक्त पुढेच जातो. एक पाऊल चुकून पुढे गेला तर पुरा फेरा घालून यावं लागतं.

आता खरा बिघाड कोणता, ते. काटा दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबत असेल तर या युक्तीने काही होणार नाही, कारण एक टिचकी म्हणजे एक पूर्ण पाऊल. काटा दांड्यावर किंचित तिरका बसला आहे, तो उचलून पुन्हा बसवावा लागतो. मेकाक्वार्ट्झ आणि यांत्रिक घड्याळांतही असंच. तिथे शून्य ठरवतं ते बदामाच्या आकाराचं एक चाक आणि त्यावर आपटणारा छोटा हातोडा, चावी-बटणांनी ते जुळवता येत नाही. हे काम घड्याळजीचं. वॉरंटीत असेल तर बाहेर उघडू देऊ नका.

कडेचे आकडे : टॅकिमीटर

काचेभोवतीच्या कड्यावर ५०० किंवा ४०० पासून ६० पर्यंत उतरत जाणारे आकडे असतात. त्यामागे एकच भागाकार आहे : ३६०० भागिले सेकंद. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर एका किलोमीटरच्या खुणेशी बटण दाबा, पुढच्या खुणेशी थांबवा. काटा ३६ सेकंदांवर थांबला तर त्याच्यासमोर कड्यावर १०० लिहिलेलं दिसेल, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. ४५ सेकंदांना ८०, ४० ला ९०. हे काम शेजारी बसलेल्याने करायचं, गाडी चालवणाऱ्याने नाही. आणि वेग त्या पट्ट्यात कायम हवा, कारण उत्तर येतं ते सरासरीचं.

साठ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर कडं निरुपयोगी. मग अर्धा किलोमीटर मोजा आणि आलेला आकडा निम्मा करा. तसं पाहिलं तर अंतर लागतंच असं नाही. एक पोळी लाटून-भाजून ४५ सेकंदांत होत असेल, तर कडं सांगेल की तासाला ८०.

काही घड्याळांवर टॅकिमीटरऐवजी टेलिमीटर असतो. वीज चमकली की चालू, गडगडाट ऐकू आला की बंद, आणि अंतर थेट किलोमीटरमध्ये. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर.

पाणी

मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तीस मीटर खोल पोहा असा नाही. तो स्थिर दाबाचा प्रयोगशाळेतला आकडा. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे, ५० मीटर म्हणजे फार तर बेतानं पोहणं, १०० मीटर म्हणजे निर्धास्त पोहणं. क्रोनोग्राफला साध्या घड्याळापेक्षा दोन छिद्रं जास्त असतात, आणि प्रत्येक छिद्रात एक रबराचं कडं. पाण्यात बटण दाबलं की ते कडं सरकतं आणि पाणी आत जातं. निर्मात्याने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर ओल्या घड्याळाचं बटण दाबायचं नाही. चावीही ओढायची नाही.

गरम पाण्याचा शॉवर आणि बादलीतलं कढत पाणी टाळा. रबर आणि धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, आणि साबणाने रबर लवकर निकामी होतं. काचेच्या आत धुकं दिसलं आणि दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, तर आत ओल आहे. तांदळाच्या डब्यात ठेवून वेळ घालवू नका, त्याच दिवशी उघडायला द्या. दोन आठवड्यांत काट्यांवर गंज दिसू लागतो. समुद्राच्या पाण्यातून आलात तर बटणांना हात लावण्याआधी नळाखाली गोड्या पाण्याने धुवा. गणपतीच्या मिरवणुकीत हे घड्याळ घालू नये हे उत्तम. गुलालाची बारीक पूड बटणाच्या दांड्याशी बसते आणि प्रत्येक दाबासरशी रबराला घासते.

सेल

सेल संपत आला की बऱ्याच घड्याळांत छोटा सेकंद काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो. संपलेला सेल आत ठेवू नका. तो पाझरला तर यंत्रच बदलावं लागतं.

सेलवरचा आकडा म्हणजे त्याचं माप. एसआर ९२७ मध्ये ९ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर व्यास आणि २७ म्हणजे २.७ मिलिमीटर जाडी. एसआर ९२० दोन मिलिमीटर जाड, एसआर ९३६ साडेतीनहून थोडा जास्त. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्ट, आणि संपेपर्यंत विजेचा दाब जवळपास तेवढाच. एलआरने सुरू होणारे अल्कलाइन. ते स्वस्त, पण त्यांचा दाब हळूहळू उतरत जातो आणि पाझरण्याची भीती जास्त. क्रोनोग्राफमध्ये एलआर घालू देऊ नका, मग दुकानदार "दोन्ही सेमच" म्हणो.

सेल बदलताना समोर उभे राहा आणि तीन गोष्टी पाहा : जुन्या सेलवरचाच कोड नव्यावर आहे का, झाकणाचं रबर पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीस लावलं का, आणि झाकण प्रेसमध्ये सरळ धरून बसवलं का. अंगठ्याने किंवा पक्कडीने दाबून झाकण बसवताना काच तडकते. सेल घातल्यावर यंत्रावर एसी लिहिलेला संपर्कबिंदू असेल तर तो चिमट्याने सेलच्या वरच्या धन बाजूला क्षणभर जोडावा लागतो, नाहीतर नवा सेल असूनही काटे वेडेवाकडे वागतात. त्यानंतर वर सांगितलेलं शून्य जुळवणं आलंच.

स्टील

बऱ्याच चांगल्या घड्याळांचं स्टील ३१६ एल असतं : १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल, २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. क्रोमियममुळे वर अदृश्य थर तयार होतो, मॉलिब्डेनम घामातल्या मिठापासून तो थर वाचवतं. नुसतं 'स्टेनलेस' लिहिलेल्या स्वस्त चेनमध्ये मॉलिब्डेनम नसण्याची शक्यता असते, आणि कोकणच्या दमट हवेत पिनांपाशी तपकिरी डाग पडतात ते याच कारणाने. निकेलची ॲलर्जी असेल तर स्टीलऐवजी टायटॅनियमचं घड्याळ पाहा.

कड्यांच्या फटींतून निघणारा काळा मळ म्हणजे घाम, मेलेली कातडी आणि धूळ. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ दातघाशीने चेन घासा. घड्याळ ५० मीटरपेक्षा कमी असेल तर चेन काढून वेगळी धुवा. खरखरीत, रेघांची झिलई असलेल्या भागावर तांब्या-पितळेची पावडर किंवा मेटल पॉलिश लावू नका, रेघा जातात आणि तो भाग चकचकीत डागासारखा दिसतो. अत्तर आणि डास पळवणारा स्प्रे आधी मारा, ते वाळल्यावर घड्याळ घाला.

रात्री काढून ठेवताना मोबाइलच्या चुंबकी कव्हरवर किंवा स्पीकरवर ठेवू नका, किमान वीतभर लांब ठेवा. क्वार्ट्झ चुंबकाजवळ थांबतं आणि दूर नेल्यावर पुन्हा चालतं, फक्त वेळ आणि शून्य पुन्हा लावावं लागतं. यांत्रिक घड्याळात चुंबकत्व मुरतं आणि ते दिवसाला कित्येक सेकंद किंवा मिनिटं पुढे पळू लागतं. घड्याळजीकडे त्यासाठी छोटं यंत्र असतं, काही सेकंदांचं काम. उघडायची गरज नसते, त्यामुळे त्यासाठी सर्व्हिसिंगचं बिल देऊ नका.